चेक भेटत नाही, मिळतो

गेल्या महिन्यात एक पंचविशीतला मुलगा घरी आला होता. माझ्या भाच्याचा मित्र. गिरणी कामगारांवर एकांकिका लिहितोय आणि त्याला 'तिथली भाषा' हवी होती. "मावशी, तुम्ही डिलाईल रोडच्या ना? मग तुम्ही फक्त बोला." चहाचे कप बाजूला सारून त्यानं मोबाइल टेबलावर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि माझ्या तोंडाकडे बघत बसला.

मी बोलले. "आमच्या लहानपणी तिथलं वातावरण अतिशय वेगळं होतं. सगळे सण एकत्रितपणे साजरे व्हायचे." एकत्रितपणे! आमच्या चाळीत हा शब्द कुणी उच्चारला असता तर ताप आलाय का म्हणून त्याच्या कपाळाला हात लावून बघितला असता. दहा मिनिटं मी दूरदर्शनवरच्या बाईसारखी बोलत राहिले आणि तो पोरगा सभ्यपणे मान डोलवत राहिला.

मग त्यानं संहिता दाखवली. साचेवाल्याचं, म्हणजे माग चालवणाऱ्याचं, पहिलंच वाक्य होतं, "अपुन का साचा बंद पडेला है भिडू." मला हसू आवरेना. म्हटलं, बाळा, हा साचेवाला नाही, हा सिनेमातला टपोरी आहे. आमचे साचेवाले 'आपून' म्हणायचे, 'आपून गरीब मानूस'. आणि भिडू तर कुणीच कुणाला म्हणत नव्हतं. "मग काय म्हणायचे?" त्यानं वही उघडली. आणि मला सांगता येईना. चूक काय ते कानाला लगेच कळत होतं, बरोबर काय ते जिभेवर येत नव्हतं.

तो गेला, पण ते टोचत राहिलं. म्हणून हे लिहितेय.

माझा जन्म १९७१चा, डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतला. कागदावर ना. म. जोशी मार्ग. ते नाव आम्ही पत्त्यात लिहायचो, तोंडानं कधी घेतलं नाही. इंग्रजांच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं १९२०च्या दशकात या चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. मधून लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं, आणि ती दारं निजेपर्यंत उघडी. या टोकाच्या बाईनं त्या टोकाच्या बाईला "नळ ग्येला काय गोऽ" असं विचारलं की मधल्या अठरा खोल्यांना पाणी गेल्याचं कळायचं.

आईबाबा दोघंही पाटण तालुक्यातले. बाबा लूम खात्यात साचे चालवायचे, आई खानावळ. अकरा माणसं जेवायला. एरवी खानावळी आपापल्या मुलखाच्या असायच्या, संगमेश्वरवाला संगमेश्वरवालीकडेच जेवणार. आमच्याकडे मात्र कोकणी आणि घाटी शेजारी शेजारी बसायचे, कारण सगळे बाबांच्या खात्यातले. पाळी बदलली की आमच्या घरातल्या स्टोव्हची वेळ बदलायची. रातपाळीच्या आठवड्यात आई सकाळी सातच्या भोंग्याला भाकरी थापत असायची आणि मी त्याच धुरात शाळेची वेणी घालून घ्यायची.

पंगतीत पहिलं भांडण शब्दांचं. आई म्हणायची, "वाईच कोरड्यास वाढू का?" कोकणातल्यांना कळायचंच नाही की ही ओलं कालवण वाढतेय आणि कोरडं काय म्हणतेय. भाज्यांना आमच्याकडे 'माळवं' म्हणायचे, ते ऐकून एकजण म्हणाला होता, "वैनी, माळ्यावर ठेवता काय?" पाच-सहा वर्षांनी तोच माणूस बाजारातून पिशवी घेऊन येऊन म्हणायला लागला, "माळवं आनलंय की." तो 'की' आमचा, साताऱ्याचा. आणि आईच्या तोंडात त्यांचा 'गो' बसला, 'मेल्या' बसला. मे महिन्यात गावी गेलो की चुलती कावायची, "ह्ये गो-गो काय लावलंयास? घो मिळाला न्हवं एकदाचा?" आई लाजायची आणि दुसऱ्या वाक्यात पुन्हा 'गो' यायचा.

अशी ती बोली तयार झाली होती. निम्मी घाटावरची, निम्मी कोकणची, आणि वर गिरणीनं मारलेला शिक्का.

शिक्का असा की लूम खात्यात शेकडो साचे एकदम चालू असायचे, आडवं सूत नेणारे धोटे इकडून तिकडे आपटत. शेजारच्या माणसाचं बोलणं कानावर येणंच शक्य नाही. बाबा ओठ वाचायचे. खात्यातले सगळेच वाचायचे. त्यामुळे बोलताना तोंड मोठं उघडायचं, वाक्य तोकडं ठेवायचं, पहिल्या अक्षरावर जोर द्यायचा आणि शेवटचा स्वर ओढायचा, म्हणजे समोरच्याला वाक्य संपलं हे दिसेल. 'येतो काऽ', 'बोल्ला नाऽ', 'चल बेऽ'. घरी आल्यावर साचे नसायचे, पण तोंड तसंच उघडायचं आणि आवाजही तसाच लागायचा. आम्हाला वाटायचं बाबा रागावलेत. ते फक्त मीठ मागत असायचे.

हातानं बोलणंही होतं. मिशीवरून बोट फिरवलं की जाबर आला. मनगटावर दोनदा टिचकी मारली की सुट्टीला किती वेळ उरलाय. आईनं काही मोठ्यानं बोलू नये असं वाटलं की बाबा घरातही मिशीवरून बोट फिरवायचे. म्हणजे दारात कुणीतरी उभं आहे, विषय बदल.

(जाबर म्हणजे जॉबर. तो कामावर घ्यायचा, तो काढायचा, त्याच्या घरी गावाहून आलेले तांदूळ पोचवावे लागायचे.)

गिरणीचे शब्द तर आम्ही कुठल्या भाषेतले आहेत हे न विचारताच वापरत होतो. बाबीन, साइजिंग, डाफर. हजेरी बुडली की 'खाडा पडला'. हा शब्द आई दूधवाल्यालाही लावायची आणि देवळात न गेलेल्या सोमवारालाही. सूत कातायच्या एका खात्याला 'त्रासन' म्हणायचे. तिथे कामाचा फार त्रास असणार म्हणून त्रासन, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते. पुढे कधीतरी कळलं की थ्रॉसल नावाच्या इंग्रजी यंत्राचं ते मराठी कामगारांनी केलेलं बारसं आहे. १८५४ साली ताडदेवला मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची उभारणी सुरू झाली, तेव्हापासून किती शब्द असे त्या दारातून आत शिरताना इंग्रजी आणि बाहेर पडताना मराठी झाले असतील.

आणि 'बोलणं'. आमच्याकडे 'म्हणाला' हे क्रियापदच नव्हतं. 'तो मला बोल्ला', 'आई बोल्ली'. तसंच 'मिळणं' नव्हतं. नोकरी भेटायची, पगार भेटायचा, पोराला शाळेत नंबर भेटायचा. 'मी गेलो होतो' एवढं लांब कोण बोलणार, 'मी गेलेलो' झालं. पुण्याच्या पाहुण्यांना हे ऐकून दातांतून कळ गेल्यासारखं व्हायचं. माझा आपला एक तर्क आहे. लूम खात्यात मदनपुऱ्याकडचे उत्तर हिंदुस्थानी मुसलमान विणकर बरेच होते, बाबांच्या डाव्या हाताच्या साच्यावर तसेच एक चाचा होते. त्यांच्या हिंदीत नोकरीही 'मिलती' आणि माणूसही 'मिलता'. दोन्हीला एकच क्रियापद पुरतं, मग आपणच दोन कशाला बाळगायची? माणसं आठ तास एका साच्याशेजारी उभी राहिली की व्याकरणाचाही बदली कामगार होतो.

इथे थांबून स्वतःलाच दुरुस्त करते. सगळे मिसळले होते असं जे मी रंगवतेय ते खरं नाही. कोकणी-घाटी मिसळले होते, दलित नाही. एके काळी लूम खात्यात दलितांना घेतच नसत. कारण नवी बाबीन घातली की धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून काढावं लागायचं आणि तोच धोटा दुसऱ्याच्याही तोंडाला लागायचा. बाबासाहेबांनी १९२८च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उभा केला होता. बाबांच्या काळापर्यंत कागदावर तसं काही उरलं नव्हतं, पण आमच्या पंगतीतल्या अकरा जणांत एकही दलित नव्हता आणि हे मला वयाच्या चाळिशीपर्यंत जाणवलंही नव्हतं. दलितांची वस्ती असलेल्या चाळी हाकेच्या अंतरावर होत्या. तिथलं बोलणं आमच्यापेक्षा थोडं वेगळं होतं, आणि ते वेगळं कसं होतं हे मला आज धड सांगताही येत नाही. याचा अर्थ मी तिथे किती वेळा गेले असेन ते तुम्हीच ओळखा.

अकरा जणांतले एक धोटेमामा. आडनाव धोटे नव्हे. त्यांनी मला गिरणीतला एक झिजलेला धोटा आणून दिला होता, दोन्ही टोकांना पितळ लावलेला, होडीसारखा. पावसाळ्यात मी तो चाळीसमोरच्या पाण्यात सोडायची. बुडायचा. पण नाव पडलं ते पडलंच. मामा संगमेश्वरकडचे, आवाज असा की तिसऱ्या मजल्यावर जेवायला बसले की तळमजल्यावर भाजी आवडली की नाही ते कळावं. गणपतीत शक्ती-तुऱ्याच्या गाण्यांचा सामना असला की तुरेवाल्यांकडून उभे राहायचे आणि माईकला हात लावायचे नाहीत.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी अकरा वर्षांचीही झाले नव्हते. अडीच लाख माणसं बाहेर. डॉ. दत्ता सामंतांचं नाव आमच्या पॅसेजमध्ये देवासारखं घेतलं जायचं, पुढे पुढे शिवीसारखंही. त्या संपाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला कानाला जे आठवतं ते एवढंच की भोंगा थांबला आणि आई घड्याळ विकत घेऊ या म्हणायला लागली, ज्या वर्षी घड्याळाला पैसे नव्हते नेमक्या त्याच वर्षी. खानावळीतले अकरांचे आठ झाले, आठांचे तीन. एकेकजण "गावाला जाऊन येतो वैनी" म्हणून एसटीत बसला. उधारीची वही आईकडे राहिली. मामांनी दोन वर्षांनी गावाहून तांदळाचं पोतं पाठवलं, सोबत चिठ्ठी, की हिशेबात धरा. आईनं धरलं नाही. पोतं तेवढं ठेवून घेतलं.

तो संप आजतागायत कुणी रीतसर मागे घेतलेला नाही, हे तुम्हाला माहीत असेलच.

भाषा मेली ती त्या वर्षी, असं म्हणायला सोपं आहे. पण बोलणारे तर होतेच, आम्हीही होतो. झालं ते वेगळंच. त्याआधी दरवर्षी गावाकडून नवी पोरं यायची. कुणी चिपळूणचा, कुणी कोरेगावचा, तोंडात गावचं बोलणं ताजं घेऊन. पॅसेजमध्ये त्यांची टिंगल व्हायची, वर्षभरात ती चाळीसारखं बोलायला लागायची, आणि जाता जाता चाळीला दोन नवे शब्द देऊन जायची. संपानंतर गावाहून पोरं यायची थांबली. कशाला येतील? आडाचे झरे बुजले. वरचं पाणी काही वर्षं पुरलं, एवढंच.

राहिलेलं आम्ही स्वतः उपसून टाकलं. आई त्यात सगळ्यात पुढे. प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली खानावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. आई त्यांच्या बैठकांना जायची, त्यांच्यामुळे तिला बँकेचं कर्ज मिळालं. बँकेच्या काचेच्या खिडकीमागे बसलेली बाई तिनं तेव्हा पहिल्यांदा पाहिली आणि घरी येऊन मला सांगितलं, "तशी बोलायला शीक. आमच्यासारखी नगं." भाषेचा अभिमान वगैरे आम्हाला परवडण्यातला नव्हता. पोरगी खिडकीच्या पलीकडे बसली पाहिजे, एवढाच तिचा हिशेब होता.

मी बसले. १९९४ला, फोर्टातल्या एका शाखेत. पहिल्याच आठवड्यात एका खातेदाराला म्हणाले, "तुमचा चेक अजून भेटला नाय." शेजारच्या टेबलावरचे एक ज्येष्ठ सहकारी चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "चेक भेटत नाही हो, मिळतो. भेटतात ती माणसं." हसले सगळे. मीही हसले. व्याकरण त्यांचं बरोबरच होतं, वाक्यही छान होतं, आणि मी त्या दिवशी गुलाबी साडी नेसले होते हे मला एकतीस वर्षांनी आठवतंय, यावरून काय ते समजा.

त्यानंतर मी पद्धतशीर अभ्यास केला. घरी येताना चर्नी रोड ते करी रोड... नाही, खोटं नको, करी रोड मध्य रेल्वेवर आहे, मी व्हीटीहून यायची. तर व्हीटी ते करी रोड मी मनातल्या मनात वाक्यं पालटत यायची. बोल्ला, म्हणाला. भेटलं, मिळालं. पानी, पाणी. आलेली, आले होते. स्टेशनं कमी होती, पण रोज दोनदा. वर्षभरात इतकी तरबेज झाले की कुणी विचारलं तर "दादरला राहते" म्हणायची आणि ते खपून जायचं. शेवटचा स्वर ओढायची सवय तेवढी राहिली, ती लग्नानंतर डोंबिवलीत गेली.

गंमत अशी की ज्या 'बोल्ला' आणि 'भेटला'साठी मी कान पिळून घेतले, ते आज सगळीकडे आहेत. मालिकांत आहेत, बातम्यांत आहेत, कल्याणपासून विरारपर्यंत सगळ्या मराठी पोरांच्या तोंडी आहेत. माझी मुलगी बिनदिक्कत म्हणते, "मला वर्क फ्रॉम होम भेटलं." शब्द जिंकले. पण त्यात तो हेल नाही. ती हे वाक्य इतकं सपाट म्हणते, शेवटी इंग्रजीसारखं वर उचलून, की त्यात चाळ नाही, साचा नाही, कोकण नाही आणि घाटही नाही. इमारत पाडून दरवाजा तेवढा अँटिक म्हणून विकायला ठेवावा तसं काहीसं.

माझं माहेर जिथे आहे त्या भागाचंही तेच. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीनं गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या व्हायचा रस्ता उघडला, २००१च्या दुरुस्तीनं तो रुंद केला, आणि चिमण्या पडून मॉल उभे राहिले. बिल्डरांनी लोअर परळला 'अपर वरळी' म्हणायला सुरुवात केली. लोअर म्हटलं की भाव पडतो म्हणे. आम्ही एल्फिन्स्टन रोडला 'एल्फिष्टन' म्हणायचो. २०१८ला त्या स्टेशनचं प्रभादेवी झालं. नाव बदलल्याबद्दल माझी तक्रार नाही, साहेबाचं नाव गेलं ते गेलं. पण 'एल्फिष्टन' हा शब्द साहेबाचा नव्हता हो. तो आमचा होता.

भावाला आता पुनर्विकासात १६०च्या जागी ५०० चौरस फुटांचं घर मिळणार आहे. वरळीच्या चाळीतल्या पहिल्या लोकांना २०२५च्या ऑगस्टमध्ये किल्ल्या मिळाल्या, डिलाईल रोडवाले वाट बघताहेत. मी त्याच्यासाठी खूश आहे. सकाळी डबा घेऊन संडासाच्या रांगेत उभं राहिलेलं कुणीही खूशच होईल. फक्त तिथे दारं बंद असणार आहेत, आणि आमची भाषा उघड्या दारांसाठी बनवलेली होती.

तर तो मुलगा. त्याला मी फोन केला आणि सांगितलं, माझ्याकडून काही निघणार नाही, मी तुला खऱ्या माणसाकडे नेते. धोटेमामा बदलापूरला मुलीकडे असतात. वय चौऱ्याऐंशी. गिरणी कामगारांच्या घरासाठी त्यांनीही अर्ज केला होता. दीड लाखाच्या वर लोकांनी केला होता. २०१२ला पहिली सोडत निघाली तेव्हापासून ते प्रत्येक सोडतीला आंघोळ करून बसतात.

आम्ही गेलो रविवारी. मामांना आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. यंत्र आणलंय, कपाटात आहे. पण तोंडासमोर बसून बोललं की बिनचूक उत्तर देतात. मी दारातून आत शिरले आणि काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, "आगो बायोऽ, वैनीची पोर! सुकलीस काय गो येवढी? कोन जेवायला घालत नाय काय तुला?" माझं वजन अठ्ठ्याहत्तर किलो आहे. नात आतून म्हणाली, "आजोबा, हळू, शेजारी झोपलेत." त्यांना ते दिसलं नाही, म्हणून कळलं नाही.

मुलानं मोबाइल पुढे धरला आणि ओठ स्पष्ट हलवत विचारलं, "मामा, तुम्ही तुमच्या भाषेत बोला ना थोडं."

"माजी कसली भाषा?" मामा माझ्याकडे बघून हसले. "गावाला ग्येलो की बोलायचे, मुंबैवाला बोलतोय. हितं बोललो की बोलायचे, गावठी बोलतोय. आता हितं बदलापूरला नात बोलते, आजोबा वरडू नका. मंग आपली भाषा कंची सांगू ह्याला?"

त्या वाक्यावर मी लोकलमध्ये परतीचा अख्खा प्रवास घालवला. मालवणी घ्या. मुंबईतल्या पोरांनी सोडली तरी मालवणात आहे, नाटकांतून गाजलेली आहे, तिला घर आहे. साताऱ्याची बोली साताऱ्यात आहे. आमची जी होती तिला गावच नाही. ती दोन्हीकडून आलेल्या माणसांनी भायखळा ते दादर एवढ्या चार-पाच स्टेशनांत, गोंगाटात उभं राहून, जुगाड करून बनवलेली. तिच्यासाठी कुणी एसटी पकडून परत जाऊ शकत नाही. मामा संगमेश्वरला जाऊन राहिले होते दोन वर्षं, तिथेही ते परकंच बोलत होते.

आणि ती काही गोड वगैरे नव्हती, हेही सांगून टाकते. तिच्यात बायकांच्या नावानं इतक्या शिव्या होत्या की मुलीला शाळेतून येताना नाक्यावरून मान खाली घालून यावं लागायचं. मला तिची आठवण येते ती बाबांच्या मीठ मागण्याची येते, नाक्याची नाही.

मुलाचं काम मात्र झालं. त्यानं दोन तासांचं रेकॉर्डिंग नेलं. त्यात मामांनी भरपूर सांगितलं: पगाराच्या दहा तारखेला नाक्यावर व्याजानं पैसे देणारा पठाण कसा उभा असायचा, कुठल्या खात्यात कापसाचे तंतू किती उडायचे, माझ्या आईच्या सुकटीत चिंच जास्त कशी पडायची. त्यानं साचेवाल्याचं पहिलं वाक्य बदललं. आता ते असं आहे: "साचा बंद पडला रेऽ, जाबरला सांग जा." साधंच आहे. तालमीत त्याचा नट ते म्हणतो तेव्हा 'रे' ओढायला लाजतो, असं तो सांगत होता. म्हटलं, त्याला आधी पंखे लाव चार-पाच, मोठे, आणि मग बोलायला सांग.

परवा रात्री मामांच्या नातीनं व्हिडिओ कॉल लावून दिला. मामांना आता हा नाद लागलाय, कारण यात तोंड दिसतं. आमच्याकडे जेवणं चालली होती, मुलगी शेजारी बसली होती. पडद्यावर मामांचा चेहरा, फार जवळ, नाक मोठं. आवाज काही येईना. तिकडून कुणीतरी बटण दाबून बसलं होतं. मुलगी म्हणाली, "आई, म्यूट आहे त्यांचं, सांग त्यांना." पण मामांना त्याचं काहीच नव्हतं. तोंड मोठं उघडून, शेवट ओढून, ते बोलत होते. मी मिशीवरून बोट फिरवलं. ते खदाखदा हसले, बिनआवाजाचे. मग त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी पण आवाज न काढता उत्तर दिलं आणि हात केला. कॉल संपला.

"काय चाललं होतं तुमचं?" मुलीनं विचारलं. "काही ऐकू तरी आलं का?"

"जेवलीस काय, बोल्ले," मी बोल्ले.